चांद नसलेली चांदकपाळी

रफूकाकूंच्या दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिला धक्का कुत्र्याचा बसायचा. चावणं नाही, भुंकणं नाही, गुरगुरणं तर नाहीच. टेबलाखालून एक राखी रंगाची कुत्री उठायची, माणसाच्या गुडघ्याला खांदा लावायची आणि त्याला हळूहळू रेटत भिंतीकडच्या बाकावर नेऊन बसवायची. मग दुसऱ्याला. दुकान कितीही भरलं तरी माणसं ओळीत. या कुत्रीचं नाव काकूंनी सासूबाई ठेवलं होतं.

“माझ्या आईच्या जागी कुत्रं बसवलंस?” काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

“आईंचं काम कुणीतरी पुढं चालवायला नको का?” काकू सुईवरची नजर न काढता म्हणाल्या आणि विषय तिथंच मिटला.

काका छापखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा त्यांच्या सोयीनं चालायचा. डोक्यावरचे केसही छापखान्यातच राहिले. काकूंचं काम रफूचं. कोटाला पडलेलं जळकं भोक, शालीला उंदरानं केलेलं भगदाड त्या अशा काही बेमालूम विणून काढायच्या की आपण चुकून दुसऱ्याचा कोट घरी नेला, असं वाटून लोक परत यायचे.

सासूबाई चांदकपाळी जातीची. ही जात दुसरीकडं कुठं नव्हती, कारण तिची गरज दुसरीकडं कुठं नव्हती. नदीच्या पलीकडं मेंढरांचे कळप उतरायचे, अलीकडच्या टोकाला मेंढरांचा बाजार, आणि मध्ये अख्खी पेठ. गल्ल्या अशा की समोरासमोर आलेल्या दोन छत्र्यांतली एक मिटावी लागे. दोन्ही अंगांना काचसामानाची, भांड्यांची, कापडाची दुकानं. भुंकणारं कुत्रं असतं तर बिथरलेला कळप सरळ काचेत घुसला असता. म्हणून इथल्या हाक्यांनी, म्हणजे कळप हाकून नेणाऱ्या माणसांनी, पिढ्यानपिढ्या न भुंकणारी, खांद्यानं रेटणारी कुत्री निवडली. या कुत्र्यांना हाक मारायची नसते. जीभ टाळूला लावून ‘टक्’ करायचं. एकदा केलं की डावीकडं, दोनदा केलं की उजवीकडं, तीनदा म्हणजे थांब. कळपाच्या पलीकडं गेलेल्या कुत्र्याला माणूस दिसत नाही, त्याचा हात दिसत नाही. मेंढरांच्या खुरांच्या आवाजातून त्याला एवढं टक् ऐकू यायला हवं.

काकूंचे वडील नावाजलेले हाके. त्यांचं टक् पेठेच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायचं, असं म्हातारी माणसं अजून सांगत. थोरला मुलगा, म्हणजे दादा, त्यांच्याच जिभेचा निघाला. मुलीला कुणी शिकवलं नाही, पण ऐकून ऐकून तिलाही बऱ्यापैकी जमायचं. वरच्या दातांची कवळी बसल्यापासून मात्र काकूंच्या तोंडून टक्च्या जागी च्यक् असा आवाज निघू लागला. त्यावर काका म्हणायचे की बायको कुत्र्याला बोलावतेय की माझी कीव करतेय हेच कळत नाही.

चांदकपाळी हे नाव कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून पडलेलं. वडिलांच्या काळी हा चांद शर्टाच्या बटणाएवढा असे. कधी नसेही. नसला तर त्या पिल्लाला कोरा म्हणत आणि इतरांबरोबर कामाला जुंपत. मग नदीवरून ट्रक जाऊ लागले, कळप थेट बाजारात उतरू लागले आणि कुत्री बसून राहिली. हातातलं काम गेलं की माणूस रूप मोजत बसतो, तसंच झालं. जात टिकावी म्हणून दादांनी मंडळ काढलं. दादा नसते तर जात तेव्हाच संपली असती, हे काकूही कबूल करायच्या. पण मंडळ म्हटलं की दरवर्षी स्पर्धा आली, स्पर्धा म्हटली की गुण आले, आणि मेंढरांशिवाय खांद्याला गुण देणार कसे? सगळे गुण चांदाच्या वाट्याला गेले. बटणाची झाली बशी. दादांच्या पुनव्या नावाच्या कुत्र्याचा चांद तर कपाळ ओलांडून दोन्ही कानांवर उतरला. लोक लांबून त्याला बघायला यायचे. ज्याला त्याला पुनव्याचंच पिल्लू हवं होतं.

कोरे मात्र नकोसे झाले. ज्या जातीच्या नावातच चांद, तिच्यात बिनचांदाचं काय लोणचं घालायचं? कोरं पिल्लू जन्मलं की ते एखाद्या वखारीला नाहीतर कारखान्याला राखणीसाठी देऊन टाकायचे. मंडळात नोंद फक्त चांदवाल्यांची.

मंडळाला आणखी एक गोष्ट फार आवडायची. ती म्हणजे शांत स्वभाव. पुनव्याच्या डोक्याशी पत्र्याचा डबा आपटला तरी त्याची झोप मोडत नसे. काय धीराचं जनावर आहे, म्हणून लोक माना डोलवायचे. त्याच्या मुलानातवंडांतही जे जास्त धीराचं, त्याच्याकडून पुढची पिल्लं घ्यायचे. मुळात ही जात मुकी. तिला कुणी नावानं हाक मारत नाही, ती कुणाच्या भुंकण्याला उत्तर देत नाही, माणसाच्या हाताकडं बघून वागते. त्यामुळे इतकी वर्षं, इतक्या घरांत, इतक्या शहाण्या माणसांपैकी एकालाही काही खटकलं नाही. दुसऱ्या कुठल्या जातीची कुत्री पाळणाऱ्यांनी ही चूक केली नसती. त्यांना करताच आली नसती.

सासूबाईला पुनव्याच्या मुलापासून पाच पिल्लं झाली. भरघोस चांदाची, गुबगुबीत. दुकानाच्या कोपऱ्यातल्या टोपलीत ती एकावर एक झोपायची. एका दुपारी काकूंच्या कोपराचा धक्का लागून बटणांचा डबा फरशीवर पडला. असा आवाज झाला की समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन बघितलं. टोपलीतल्या एका पिल्लानं दचकून मान वर केली. बाकीची चार ढिम्म.

“बघ, किती धीराची आहेत,” काका कौतुकानं म्हणाले. डबा पडल्याचं त्यांनाही डोळ्यांनीच कळलं होतं.

काकूंनी बोटात अंगुस्तान घातलं. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ती धातूची टोपी. पिल्लांच्या मागं बसून त्यांनी ते टेबलाच्या कडेवर वाजवलं. टक्. तेच एक पिल्लू वळलं. त्याचा चांद सगळ्यांत लहान होता. काकूंनी पुन्हा वाजवलं, दुसऱ्या बाजूनं वाजवलं, चौघांना एकेक करून उठवून मागून वाजवलं. मग त्या जमिनीवरच बसून राहिल्या.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. त्यांनी पिल्लांचे कान तपासले, गावातली आणखी काही कुत्री बघितली आणि सांगितलं, “अंगाला जे रंग देतं ना, तेच कानाच्या आतही लागतं. पांढरं कानावर उतरलं की आतही रंग पोचत नाही आणि कान मिटतो. तुम्ही लोक वर्षानुवर्षं पांढरं वाढवत गेलात.”

“म्हणजे आम्ही बहिरेपणा पाळला?” काकूंनी विचारलं.

“पाळला, वाढवला, बक्षिसंही दिलीत.” त्या जरा थांबल्या. “आणि आता कुणाचं कुणाशी जुळवायचं? सगळी एकाच आजोबाची नातवंडं. जात वाचवायची असेल तर बाहेरचं रक्त आणावं लागेल. दुसऱ्या जातीचं.”

काकांनी आपल्या टकलावरून हात फिरवला. “मग मी अस्सल चांदकपाळी. चांदही मोठा आणि कानही बंद.”

काकूंना हसू आलं, पण डोळ्यांत पाणीही आलं. त्या त्याच पावली दादांकडं गेल्या. दादांच्या अंगणात ओळीनं कुत्री बांधलेली, एकेकाचा चांद बघत राहावा असा. काकूंनी सगळं सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरायच्या ऐवजी कडक झाला.

“माझी कुत्री बहिरी? उद्या म्हणशील आंधळीही आहेत.”

“दादा, मागं उभं राहून एकदा टक् करून बघ. एवढंच कर.”

“ते मी सोडलं,” दादा तुटकपणे म्हणाले. “कधीच सोडलं. आता तो विषय काढू नकोस.”

टक्चं नाव काढलं की दादा असे का चिडतात, हे काकूंना तेव्हा कळलं नाही. त्या मुकाट्यानं दुकानात आल्या आणि एका जुन्या कोटावर काम करायला बसल्या. कोपराशी विरलेला कोट. असल्या कोटाला बाजारातला धागा चालत नाही. कितीही जुळवला तरी तो परका दिसतो. अशा वेळी रफूवाले त्याच कोटाची शिवण आतून उसवतात आणि दुमडीत दडलेल्या कापडातून धागा काढतात. त्यावर ऊन पडलेलं नसतं, तो झिजलेला नसतो, आणि तो त्याच थानाचा असतो. काकूंनी दुमड उसवली, धागा ओढला आणि सुई तशीच हातात धरून थांबल्या.

“अहो,” त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की काकांच्या बिघडलेल्या कानालाही ऐकू गेलं, “आपले कोरे कुठं गेले?”

पुनव्या येण्याआधीच, चांद नाही म्हणून टाकून दिलेले कोरे. त्यांच्यात बाहेरचं काही नव्हतं, आणि पुनव्याचंही नव्हतं. एखादा जरी शिल्लक असला तर जात जातीच्याच धाग्यानं सांधता आली असती. डॉक्टरीणबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “सापडला तर याहून चांगलं काही नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शोधा, तपासायचं काम माझं.”

काकूंनी शोधायला सुरुवात केली ती जागेवरून न उठता. रफूच्या दुकानात सगळी दुनिया येते. येईल त्याला सासूबाई बाकावर बसवायची आणि काकू विचारायच्या की तुमच्याकडं राखणीला कुत्रं कसलं, भुंकतं का, रेटतं का. लोकांना वाटलं, म्हातारीला कसला तरी नाद लागलाय. वखारीतला कोरा कधीच मेला होता. गिरणीतली कोरी सापडली, पण ती म्हातारी होती आणि तिची सगळी पिल्लं गल्लीतल्या लाल्या नावाच्या भटक्या कुत्र्यावर गेली होती. दोन पावसाळे असे गेले. सासूबाईचंही वय होत चाललं होतं. आणखी एक वेत, फार तर दोन, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. त्यानंतर कोरा सापडून तरी काय उपयोग, या विचारानं काकूंचा जीव कासावीस व्हायचा.

मग एक दिवस कौलांच्या कारखान्याचा पहारेकरी आपला लोकरी कोट घेऊन आला. भट्टीची ठिणगी उडून बाहीला भोक पडलेलं. काकूंनी कोट उजेडात धरला आणि त्यावरचा एक केस चिमटीत उचलला. मुळाशी पांढुरका, टोकाला काळा, थेट सासूबाईच्या केसासारखा.

“हे केस कुणाचे?”

“साहेबांचे,” पहारेकरी म्हणाला.

“तुमचे साहेब तुमच्या कोटावर झोपतात?”

“रोज. हाकललं तरी जात नाहीत. आणि जाता-येता ढकलतात ते वेगळंच.”

काका चष्म्यावरून बघू लागले. कौलांच्या कारखान्याच्या साहेबांबद्दल त्यांचं मत झपाट्यानं बदलत होतं. साहेब हे कुत्र्याचं नाव आहे, हा खुलासा व्हायला जरा वेळ लागला. तोवर काकूंनी चपला घातल्याही होत्या.

कारखान्याच्या आवारात वाळत घातलेल्या कौलांच्या रांगांमधून एक राखी कुत्रा बदकांचा थवा नेत होता. बदकं त्या पहारेकऱ्याच्या बायकोची. एकही कौल फुटत नव्हतं, एकही बदक ओरडत नव्हतं. कुत्र्याचा खांदा इकडं लागला की थवा तिकडं वळायचा. त्याच्या कपाळावर पांढरा केस औषधालाही नव्हता. काकूंनी पदराआड हात नेला आणि लोखंडी फाटकावर अंगुस्तान वाजवलं. आवारात कौलं उतरवण्याचा दणदणाट चालला होता. तरीही साहेब जागच्या जागी थांबला, मान वळवली आणि काकूंकडं बघत राहिला. त्याची आजी पुनव्या येण्याआधी दादांच्याच घरून पोत्यातून आली होती आणि पुढची जुळणीही राखणीला दिलेल्या कोऱ्यांतच झाली होती, असं पहारेकऱ्यानं मागाहून सांगितलं.

सासूबाई आणि साहेबांचं जमलं, पण दादांचं आणि काकूंचं बिनसलं. “कोऱ्याची पिल्लं चांदकपाळी म्हणून मंडळात आणणार?” दादा म्हणाले. “नावात चांद आहे. नसेल चांद तर ती दुसरं काहीही असतील, आपली नाहीत. मी अध्यक्ष आहे तोवर त्यांची नोंद होणार नाही.” नोंद नाही म्हणजे मंडळातला कुणी त्यांच्याशी आपलं कुत्रं जुळवणार नाही. म्हणजे काकूंनी जमवलेला धागा त्यांच्याच टोपलीत संपणार. दादांचं दुकानात चहाला येणं बंद झालं. बहिणीला हे फार लागलं. रोज चहाच्या वेळी त्या दाराकडं बघायच्या आणि मी बघतच नाही असं दाखवायच्या.

पिल्लं सहा झाली. ती टोपलीतून बाहेर पडण्याएवढी झाली तशी काकूंनी मागं बसून अंगुस्तान वाजवलं, तर सहाच्या सहा वळली. काकूंनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि काकांना बरोबर घेऊन गावभर उगाचच फिरून आल्या. चौघांना बटणाएवढे चांद होते. दोन कोरी. त्यांतल्या कोऱ्या कुत्रीचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा झालीच नाही. सासूबाईची लेक म्हणजे काकूंची नणंद. ती वन्सं झाली.

पण नुसते कान असून भागत नाही. काकूंनी मनाशी क्रम ठरवला होता. आधी कान, मग खांदा, मग स्वभाव, आणि सगळ्यांच्या शेवटी चांद. मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला गळ घालून त्या पिल्लांना बाजारातल्या कोंडवाड्यात नेऊ लागल्या. लोखंडी गजावर अंगुस्तान वाजवायचं आणि कोण कसं वळतं ते बघायचं. सहांतला एक दिसायला राजबिंडा होता, चांद रेखीव, कान तिखट. पण तो मेंढरांच्या पायांना तोंड घालायचा. काकूंनी त्याच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि त्याला एका चांगल्या घरी दिलं. “एवढा देखणा,” काका हळहळले. “देखणेपणानंच तर घात केला,” काकू म्हणाल्या. त्या रात्रभर रडल्या, ते वेगळं. भावंडांची जोडी लावा, लवकर वाढतील, असा सल्ला देणारेही भेटले. काकूंनी कानावर हात ठेवले. एकाच आजोबावर भार टाकून काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

वन्सं दीड वर्षाची झाली आणि नदीवरचा पूल दुरुस्तीला काढला. ट्रक पलीकडंच अडले. शेजारच्या जुन्या पादचारी पुलावरून मेंढरं चालत आणता येत होती, पण पुढं पेठ. बाजार तोंडावर आला होता. व्यापाऱ्यानं मंडळाला साकडं घातलं. कुत्री पाळता ना, मग आणा. मंडळाची छाती फुगली. दादा आपली दोन सर्वांत देखणी कुत्री घेऊन पुलापाशी आले. काकूही वन्संला घेऊन मागं जाऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बहीणभावांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पूल नीट पार झाला. मोकळ्यावर कुत्र्यांना दादांचे हात दिसत होते. कळप पेठेत शिरला आणि अरुंद झाला. कुत्री पुढं, दादा मागं, मध्ये मेंढरांच्या पाठीच पाठी. दादांनी हात वर केला, तो कुणी बघणार? एक कुत्रा चुकीच्या अंगाला गेला. दुसरा उगाच उभा राहिला. काचसामानाच्या दुकानाच्या वळणावर पुढची मेंढरं अडली, मागची त्यांच्यावर चढू लागली. दुकानदार फळी आडवी धरून शिव्या देत होता. एक मेंढरू पायरी चढलंच.

काकूंनी वन्संला सोडलं. ती भिंतीच्या कडेनं सरपटत पुढं गेली आणि कळपाच्या पलीकडं दिसेनाशी झाली. काकूंनी दाराच्या कडीवर अंगुस्तान वाजवलं. त्या गदारोळात ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. तोंडानं प्रयत्न केला, तर च्यक्.

त्यांनी दादांचं मनगट धरलं. “दादा, टक् कर.”

“होत नाही माझ्याच्यानं.”

“दादा, मेंढरं चिरडतील.”

“अगं, होत नाही म्हणतोय ना!” दादांचा आवाज फाटला. मग एकदम खाली आला. “जीभ गेली माझी. पुनव्या आला त्या वर्षीच गेली. मी टक् करायचो आणि तो बघायचाही नाही. त्याच्या मुलांनीही नाही बघितलं. बाबांचं एवढंच मागं राहिलं होतं माझ्याकडं, तेही गेलं. कुणाला सांगू?”

काकू बघतच राहिल्या. इतकी वर्षं हा माणूस आपल्या तोंडातली लाज लपवत होता. कुत्री बहिरी असतील हे त्याच्या मनाला शिवलं नाही, कारण आपणच उणे पडलो हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुझी जीभ कुठंही गेली नाही. कुत्री ऐकत नव्हती रे. त्यांना ऐकूच येत नव्हतं. पलीकडं जी आहे तिला येतं.”

दादांनी ओठ ओले केले. पहिलं टक् बारीक निघालं. दुसरं निघालं ते थेट वडिलांचं. पेठेतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर करून इकडंतिकडं बघितलं. कळपाच्या पलीकडं मेंढरांची एक लाट उजवीकडं सरकली आणि दुकानाच्या पायरीवरचं मेंढरू खाली उतरलं. दादांनी एकदा केलं. लाट डावीकडं आली. तीनदा केलं. सगळा कळप उभा राहिला, आणि दोन मेंढरांच्या मधून वन्संचं कोरं राखी डोकं वर आलं. तिचे दोन्ही कान दादांच्या दिशेनं ताठ होते. पुढं काय, असं ती विचारत होती.

दादांचे डोळे वाहत होते आणि जीभ चालू होती. संबंध पेठभर ते टक् टक् करत चालले. एकही काच फुटली नाही. दुकानदार फळ्या बाजूला ठेवून पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. बाजाराच्या फाटकात शेवटचं मेंढरू शिरलं तेव्हा व्यापाऱ्यानं पागोट्यासारखा गुंडाळलेला पंचा काढून हवेत उडवला. काका मागून धापा टाकत येत होते. “मला सगळं ऐकू आलं,” ते ज्याला त्याला सांगत होते, आणि त्या दिवशी ते खरंही असेल.

मंडळाची बैठक तिथंच, कोंडवाड्याच्या कठड्यावर बसून झाली. “पण दादा,” कुणीतरी वन्संकडं बघत विचारलं, “हिला चांद कुठाय?”

“नाही,” दादा म्हणाले. “आणि ही चांदकपाळी आहे. नोंद करायची. यापुढं आधी कान बघायचे, मग काम. चांद असला तर असू दे, नसला तर नसू दे. कुणाला पटत नसेल त्यानं आपलं कुत्रं घेऊन उद्या पेठेतून मेंढरं आणून दाखवावीत.”

वन्संची नोंद त्याच दिवशी झाली.

संध्याकाळी दादा आपल्या अंगणात एकेका कुत्र्याच्या मागं जाऊन उभे राहिले. काकू फाटकापाशी थांबल्या होत्या. दादा टक् करायचे, वाट बघायचे, आणि कुत्रा वळला नाही की त्याच्यापाशी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. “तुझा काही दोष नाही बाबा,” असं प्रत्येकाला सांगायचे. असं जवळजवळ सगळ्यांना सांगून झालं. शेवटी मागच्या शेडजवळ एक कुत्री होती. चांद अर्धाच, एका अंगाला कलंडलेला, म्हणून ती कधी स्पर्धेत उतरली नव्हती. दादांनी टक् केलं. ती उठून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दादा तिला घेऊन दुकानात आले. सासूबाईनं त्यांना खांदा लावून बाकावर बसवलं. “हिच्यासाठी तुझ्याकडचा एखादा बघ,” दादा म्हणाले, “आणि चहात साखर कमी घाल.” काकूंनी आणि डॉक्टरीणबाईंनी बसून विचार केला आणि वन्संच्या कोऱ्या भावाचं स्थळ पक्कं केलं.

पिल्लं दादांच्या घरी झाली. कान उघडल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकेकाला तपासलं आणि मोकळेपणानं हसल्या. त्यांनी सांगून झालं तरी दादांचं समाधान होईना. आईच्या कुशीत आठ पिल्लं गाढ झोपली होती, कुणाला बटणाएवढा चांद, कुणाला तिळाएवढा, तीन चक्क कोरी. दादा त्यांच्या मागं जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी टक् केलं. आठही माना वर झाल्या.

“अरे, झोपू दे त्यांना,” काकू म्हणाल्या.

दादांनी पुन्हा टक् केलं.